दोन अंश जास्त

मंगळवारी दुपारी, जेवणाच्या सुट्टीनंतर, माझ्या हातून डावीकडच्या पेटीत गुलाबी पाणी सांडलं. सांडलं म्हणजे फार नाही, चमचाभर. पेशी ज्यात वाढतात त्या खाद्याला आम्ही पाणीच म्हणतो. पेटी म्हणजे फ्रीजएवढं कपाट, आत कायम सदतीस अंश, माणसाच्या अंगाइतकं ऊबदार. अशा दोन पेट्या शेजारी शेजारी. दोन्हींत तांब्याच्या तारेच्या मोठ्या गुंडाळ्या, गुंडाळीच्या मधोमध फळी, फळीवर पेशींच्या काचबशा. डावीकडच्या गुंडाळीतून वीज जायची, उजवीकडच्या नाही. एका पेटीतल्या पेशी चुंबकीय क्षेत्रात, दुसरीतल्या बाहेर. एवढाच फरक, बाकी सगळं तंतोतंत सारखं, असं मी गेली अकरा वर्षं प्रत्येक पाहुण्याला, प्रत्येक विद्यार्थ्याला, आणि एकदा तर टीव्हीवाल्यांनाही सांगत आले होते. तर पाणी सांडलं. हातमोजा फाटला होता म्हणून मी तो काढून टाकला, फडकं घेतलं आणि मागच्या कोपऱ्यापर्यंत हात घातला. पुसता पुसता हाताचा मागचा भाग फळीला टेकला. मी थांबले. फडकं तिथेच ठेवून उजवीकडची पेटी उघडली, तसाच हात उलटा करून तशाच फळीला लावला. मग पुन्हा डावीकडे. मग पुन्हा उजवीकडे. दोन्ही दारांवर लाल आकडे झळकत होते, सदतीस पूर्णांक शून्य. आणि माझा हात मला सांगत होता की बाई, हे सारखं नाही.

ताप बघायला तळहात कामाचा नाही, हे मला माझ्या आईने शिकवलं, आणि मी ते भिंगरीवर वापरलं. भिंगरी म्हणजे ताईची मुलगी. एका जागी बसायचीच नाही, म्हणून भिंगरी. ती सहा-सात वर्षांची असताना रोज संध्याकाळी तिचं अंग किंचित कोमट लागायचं. कपाळावर उलटा हात ठेवून मी म्हणायचे, “काही नाही गं, खेळून आलीय.” महिनाभर मी असं म्हणत होते. महिन्याने तिच्या पायांवर निळे डाग दिसायला लागले, तिच्या रक्तातच बिघाड झालाय असं डॉक्टर म्हणाले, आणि दोन वर्षांनी, नऊ पुरी व्हायच्या आत, ती गेली. तेव्हापासून मी कुणाच्या कपाळाला हात लावलेला नाही. आता लावला तो एका पेटीच्या फळीला.

ताईचं घर तारांखाली आहे. उच्चदाबाच्या सहा तारा, दोन लोखंडी मनोरे, आणि दोहोंच्या बरोबर मध्ये तिची गच्ची. दमट सकाळी त्या तारा चरचरतात, कुणीतरी लांबवर काहीतरी परततंय असं वाटावं तशा. ताईकडे कुणी नवं माणूस आलं की ती त्याला गच्चीवर न्यायची, हातात एक जुनी ट्यूबलाइट द्यायची आणि म्हणायची, “उभी धरा.” संध्याकाळच्या अंधुक उजेडात ती ट्यूब, कशालाही न जोडलेली, माणसाच्या मुठीत फिकट पांढरी उजळायची. माणसं दचकायची. पत्रकार दचकायचे, नगरसेवक दचकायचा. “हे माझ्या पोरीच्या अंगातून जात होतं,” ताई म्हणायची. मीही पहिल्यांदा ती ट्यूब धरली तेव्हा दचकले होते. ट्यूब उजळते हे खरं, क्षेत्र आहे हे खरं, पण उजळणं वेगळं आणि आजार वेगळा, हा विचार मनात यायलाच मला कितीतरी दिवस लागले, आणि आल्यावर मी तो हाकलून दिला. भिंगरी गेल्यावर तेराव्या महिन्यात मी नेत्रपेढीतली बरी नोकरी सोडून सरांच्या प्रयोगशाळेत आले. तिथे विजेच्या क्षेत्राचा पेशींवर काय परिणाम होतो हे बघायचं काम नुकतंच सुरू होत होतं. कशासाठी आलीस असं सरांनी विचारलं, तर मी म्हणाले, “माझा हात स्थिर आहे.” ते खरंच होतं. कारण मात्र ते नव्हतं.

काम असं. घरातल्या दिव्यात जी वीज खेळते तिच्याच गतीचं क्षेत्र चोवीस तास पेशींवर सोडायचं. मग त्या पेशी काचपट्टीवर पसरायच्या, त्यांचं कवच विरघळवायचं, आणि पट्टीतून हलकासा प्रवाह सोडायचा. पेशीतला डीएनए धड असेल तर तो गोल गोळा होऊन जागेवर बसतो. तुटलेला असेल तर तुकडे वाहत जातात आणि गोळ्याला शेपूट फुटतं. सूक्ष्मदर्शकाखाली काळ्या आभाळात हिरवे धूमकेतू दिसावेत तसं दिसतं. कुणाला शेपूट आहे, किती लांब आहे, हे एकेक करून मोजायचं. एका पट्टीवर शंभर. मी दिवसाला आठ पट्ट्या मोजायचे. इमारतीत माझं नावच पडलं होतं, शेपटीताई. तिसऱ्या वर्षी आकडे बोलायला लागले. डावीकडच्या पेटीत शेपट्या जास्त, जवळजवळ दीडपट. सरांनी शोधनिबंध लिहिला, त्यावर माझं नाव तिसरं. ताईने तो मागवून घेतला, कळत काहीच नव्हतं, तरी पहिलं पान प्लॅस्टिकमध्ये घालून आणलं, आणि तेव्हापासून प्रत्येक सभेला, प्रत्येक कचेरीत ती ते पान पिशवीत घेऊन जायची. “माझ्या सख्ख्या बहिणीने मोजलंय,” म्हणायची. शेजारीपाजारीही मला अडवायला लागले. लिफ्टमध्ये, भाजी घेताना. “तुम्ही त्यातल्या ना? मोबाइल उशाशी ठेवला तर चालतो का हो?” मी म्हणायचे, मला माहीत नाही, मी मोबाइलवर काम करत नाही. त्यांना ते पटायचं नाही. काहीतरी लपवते असं वाटायचं. एक आजोबा तर कायमचे रागावले.

त्या मंगळवारी मी घरी गेले नाही असं नाही, वेळेवर गेले, पण बसमध्ये माझा थांबा हुकला. डोक्यात एकच. दारावरचा आकडा दाखवतो तो तापमापक पेटीच्या पुढच्या भागात, दाराजवळ आहे. काचबशा मागे, गुंडाळीच्या पोटात. गुंडाळीतून वीज गेली की तार तापणार, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. उजवीकडच्या गुंडाळीतून वीज जातच नाही, ती तापणार कशी? सुरुवातीला सरांनी तपासलं होतं, रिकामी पेटी, दहा मिनिटं, काही फरक नाही, झालं. चोवीस तास कुणी बघितलं नव्हतं. आणि रोज सकाळी त्या दारावरचा आकडा वहीत कोण लिहीत होतं? मी. सदतीस पूर्णांक शून्य, खाली सही. अकरा वर्षांच्या वह्या आहेत, एका कपाटात मावत नाहीत. मला वाटलं आपण हात लावला नसता तर बरं झालं असतं. हे वाटलं याची मला लगेच लाज वाटली, आणि लाजेपाठोपाठ राग आला, कुणाचा ते कळेना, आणि त्या रागातच मी हुकलेल्या थांब्यापासून घरापर्यंत चालत गेले.

दुसऱ्या दिवशी पलीकडच्या विभागातून मी केसाएवढ्या तारेचा तापमापक मागून आणला आणि त्याचं टोक थेट काचबशीतल्या पाण्यात सोडलं. उजवीकडे सदतीस. डावीकडे दुपारपर्यंत अडतीस, संध्याकाळी एकोणचाळीस. दोन अंश. माणसाला दोन अंश म्हणजे अंथरूण धरायची वेळ. पेशींना चोवीस तास ताप होता आणि आम्ही तो क्षेत्राच्या नावावर खपवत होतो. मी सरांना तेव्हा बोलले नाही. आधी पुरतं बघायचं ठरवलं. कर्मशाळेतल्या मेकॅनिककडून दोन नव्या गुंडाळ्या करून घेतल्या, दोन्ही दुहेरी तारेच्या. एकीत दोन्ही तारांतून वीज एकाच दिशेने, दुसरीत उलटसुलट. उलटसुलट असली की एकीचं क्षेत्र दुसरी खाऊन टाकते, पण तापायच्या दोन्ही सारख्याच. दोन्ही पेट्यांत छोटे पंखे बसवले. मेकॅनिक म्हणाला, “बाई, इतकी वर्षं चाललं होतं की व्यवस्थित.” मी म्हटलं, “चाललं होतं, म्हणूनच.” पट्ट्यांवरचे क्रमांक झाकायचं काम ग्रंथपालबाईंना दिलं. त्या चिकटपट्टी लावून आपलेच आकडे घालायच्या आणि कुठला कशाचा याची यादी स्वतःच्या खणात ठेवायच्या, म्हणजे मोजताना माझ्या डोळ्यांना लबाडी करता येऊ नये. कारण डोळे लबाडी करतात. मला हवं होतं की शेपट्या निघाव्यात. एकेका गोळ्यापाशी मी थांबायचे, हे शेपूट आहे का, असावं का, आणि प्रत्येक वेळी मनात एक आवाज म्हणायचा, अगं धर ना आहे म्हणून, कोण बघतंय. सहा आठवडे मी त्या आवाजाला गप्प बस, गप्प बस म्हणत मोजत राहिले. यादी उघडली तेव्हा दोन्ही पेट्यांत शेपट्या सारख्या होत्या. अगदी सारख्या.

सर वाईट माणूस नाहीत. हे आधी सांगते कारण पुढचं ऐकून तसं वाटेल. त्या तारा टाकणाऱ्या वीज कंपनीने त्यांना दोनदा सल्लागाराची खुर्ची देऊ केली होती, ती त्यांनी झिडकारली होती. त्यांनी माझे कागद दोनदा वाचले, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

“बाई, नव्या लाइनची सुनावणी पंधरा दिवसांवर आली आहे.”

“माहीत आहे.”

“ती दुसरी लाइन शाळेच्या डोक्यावरून जाणार आहे. आपला निबंध हा लोकांचा एकमेव आधार आहे. आज आपणच तो मागे घेतला तर कंपनीच्या हातात आयतं कोलीत मिळेल.”

“आधार पोकळ आहे, सर.”

“सहा आठवड्यांच्या कामावरून अकरा वर्षं पोकळ म्हणता?”

“अकरा वर्षं मीच मोजलीत. सहा आठवडेही मीच मोजलेत.”

ते खिडकीपाशी गेले. मग हळू आवाजात म्हणाले, “सुनावणीनंतर बघू. महिनाभराने काय बिघडणार आहे? तुमच्या बहिणीचा तरी विचार करा.” हे त्यांनी बोलायला नको होतं. तोपर्यंत मी घाबरलेली होते, तळव्यांना घाम होता. ते वाक्य ऐकलं आणि घाम जिरला. मी म्हटलं, “शाळेवरून लाइन नको असं म्हणायचं असेल तर तसं म्हणा. मीही म्हणते. आपल्याला नीट माहीत नाही, एवढं कारण पुरतं. त्याला माझ्या तापलेल्या पेट्यांची साक्ष कशाला?” मी माझ्या टेबलाशी येऊन निबंध छापणाऱ्या नियतकालिकाला पत्र लिहिलं. नाव तिसरं असलं म्हणून काय झालं, नाव होतं.

ताईला सांगायला गेले तेव्हा ती इस्त्री करत होती. ताई शिवणकाम करते, गिऱ्हाइकाचे कपडे इस्त्री करूनच देते. भाऊजी पलीकडे खुर्चीत वर्तमानपत्र धरून बसलेले. ते बोलत नाहीत फारसे. भिंगरी गेल्यापासून त्यांनी गच्चीवर पाऊल टाकलेलं नाही. मी उभ्या उभ्याच सांगितलं, पेट्या, गुंडाळ्या, दोन अंश, सगळं. बसले असते तर बोलू शकले नसते. ताईने इस्त्री बाजूला उभी केली.

“म्हणजे ते खोटं होतं?”

“खोटं नव्हतं. चुकलं होतं.”

“कुणाचं चुकलं?”

“माझं. रोज आकडा मी लिहीत होते.”

“मग तिला कशाने झालं?”

“माहीत नाही, ताई.”

“अकरा वर्षं डोळे फोडलेस आणि माहीत नाही?”

“नाही माहीत.”

तिने इस्त्रीचं बटण बंद केलं, वायर गुंडाळली, अगदी सावकाश, जणू दिवसभराचं काम संपलंय. मला वाटलं आता हेच सांगावं, जे सांगायचं मी वाटेत ठरवलं होतं. हे घर ताईने घेतलेलं. भाऊजींना नको होतं, तारा बघून ते कचरले होते, पण स्वस्त आहे, गच्ची आहे, पोरीला खेळायला जागा आहे म्हणून ताईने हट्ट धरला. बारा वर्षं ती ते पोटात घेऊन जगत होती, हे मला ठाऊक होतं. मी म्हटलं, “ताई, निदान आता तू स्वतःला दोष देऊ नकोस. घर घेतलं म्हणून झालं, असं आता कुणी म्हणू शकत नाही.” मला खरंच वाटलं होतं की मी तिच्यासाठी काहीतरी घेऊन आलेय. ताई माझ्याकडे वळली. तिचा चेहरा मी इतक्या वर्षांत तसा पाहिला नव्हता.

“तुला वाटतं मला सुटायचंय? माझा दोष होता तर निदान काहीतरी माझ्या हातात होतं. घर घेतलं नसतं तर ती असती, एवढं तरी मला कळत होतं. रोज सकाळी उठून मला कुणाशी भांडायचं ते ठाऊक होतं. आता काय? ती अशीच गेली? उगाच? कशानेच नाही?” तिचा आवाज चढला नाही, उलट खाली खाली गेला. “तुझ्या त्या बशा तुझ्यापाशी ठेव. आणि जा तू आता.”

भाऊजींचं वर्तमानपत्र जराही हललं नव्हतं. मी जिना उतरले. फाटकाशी उभं राहून मी वर पाहिलं. सहा तारा, स्वच्छ दुपार, चरचर वगैरे काही नाही. त्यांच्यातून जे वाहत होतं ते वाहत होतं. त्याला ना ताईची पडली होती ना माझी. आणि मला एकदम वाटलं, सोपं काय आहे? आत्ता परत वर जाऊन म्हणायचं, ताई, चुकले मी, पुन्हा मोजते. पंधरा दिवस गप्प बसायचं. सुनावणीत सर बोलतील, ताई ते पान दाखवेल, लोक टाळ्या वाजवतील. कुणाचं काय जाईल? भिंगरीच्या नावावर एक खोटं खपून जाईल, एवढंच. तिच्या कपाळावर हात ठेवून मी महिनाभर “काही नाही” म्हणाले होते, कारण मला तसं हवं होतं. आता पुन्हा एकदा, मला हवं आहे म्हणून, तिच्याविषयी काहीतरी बोलायचं? नाही. मी मोठ्यांदा म्हणाले, नाही. रस्त्यावरची एक बाई वळून बघायला लागली.

सुनावणी एका शाळेच्या सभागृहात होती, त्याच शाळेच्या, जिच्यावरून नवी लाइन जायची होती. भिंतीवर मुलांनी काढलेली सूर्यमाला. तिघांची समिती, मधल्या अध्यक्षबाई, निवृत्त न्यायाधीश. ताई दुसऱ्या रांगेत, पिशवी मांडीवर. सर पहिल्या रांगेत. माझं नाव मीच दिलं होतं, बोलायचं म्हणून. मी माइकपाशी गेले आणि जे घडलं ते घडलं तसं सांगितलं. पेट्या तापत होत्या, आमच्या लक्षात आलं नाही, ताप काढून टाकल्यावर फरक उरला नाही, शेपट्या सारख्या निघाल्या. “सारख्या” हा शब्द मी उच्चारला आणि दुसऱ्या रांगेत खुर्ची सरकल्याचा आवाज आला. ताई उठून निघाली. मागे वळून पाहिलं नाही. मागून कुणीतरी ओरडलं, “किती मिळाले?” सभागृहात खसखस पिकली, मग कुजबुज, मग शिव्या. मी माइक सोडला नाही. समोरच्या टेबलाची कड घट्ट धरून उभी राहिले.

अध्यक्षबाईंनी सरांना विचारलं, “हे आपल्याला मान्य आहे?” सर उठले. ते कसे दिसत होते हे मी विसरणार नाही, एकाएकी म्हातारे झालेले. ते म्हणाले, “बाईंनी मोजलंय. बाई मोजताना चुकत नाहीत.” आणि बसले. एवढंच. अकरा वर्षांत त्यांनी मला दिलेली ही पहिली शाबासकी होती, आणि ती देताना त्यांचा हात खुर्चीची पाठ शोधत होता.

मग कंपनीचे वकील उठले. देखणे, हसतमुख गृहस्थ. माझ्याकडे बघून त्यांनी मान किंचित झुकवली, जणू आमचं आधीच ठरलं होतं.

“बाईंच्या प्रामाणिकपणाचं मला कौतुक वाटतं. म्हणजेच या तारा पूर्णपणे सुरक्षित आहेत, असं त्यांच्याच प्रयोगाने सिद्ध झालं.”

“नाही,” मी म्हणाले.

“म्हणजे? आपल्याला काहीही आढळलं नाही, असं आत्ताच आपण म्हणालात.”

“काचेच्या बशीत, एका जातीच्या पेशींत, एका जोराच्या क्षेत्राने, चोवीस तासांत मला काही आढळलं नाही. तुमच्या तारांखाली माणसं चोवीस तास राहत नाहीत, वीस वर्षं राहतात. आणि बशीत राहत नाहीत.”

“पण धोका सिद्ध झालेला नाही, हे तरी मान्य कराल?”

“मान्य. धोका नाही हेही सिद्ध झालेलं नाही. माझ्याकडून दोन्हींपैकी काहीही तुम्हाला मिळणार नाही.”

त्यांचं हसू जागच्या जागी राहिलं, पण डोळे बदलले. खरं सांगते, त्या क्षणी मला जे वाटलं ते म्हणजे सुख होतं. दोन आठवडे मी अपराध्यासारखी वावरत होते, आणि आता पहिल्यांदाच माझी पाठ ताठ झाली. मी अध्यक्षबाईंकडे वळले. “आम्ही कंपनीकडे चार वेळा पत्र पाठवून मागितलंय, या तारांतून कुठल्या महिन्यात किती वीज गेली ते. चारही वेळा नकार. घराघरांत जाऊन क्षेत्र मोजू द्या म्हटलं, त्यालाही नकार. माझं चुकलं ते मी इथे उभं राहून सांगितलं. ज्यांचं काहीच चुकत नाही त्यांनी आपले आकडे दाखवायला काय हरकत आहे?”

वकील म्हणाले, ती माहिती गोपनीय आहे.

“का?” अध्यक्षबाईंनी विचारलं.

वकिलांनी शेजारच्या अधिकाऱ्याकडे पाहिलं. अधिकाऱ्याने फाइलीत पाहिलं. मागे पुन्हा कुणीतरी हसलं, पण या वेळी मला नाही.

निकाल काही डोक्यावर घेऊन नाचावा असा नव्हता. नवी लाइन रद्द झाली नाही. ती शाळेपासून लांबून न्यावी, वर्षभर घरांमधलं क्षेत्र मोजावं, आणि जुने आकडे समितीला द्यावेत, असा आदेश निघाला. निबंध मागे घेतला गेला. ज्या दोन वर्तमानपत्रांनी पूर्वी माझा फोटो छापला होता त्यांनी तो पुन्हा छापला, एकाने खाली “घूमजाव” असं लिहून, दुसऱ्याने “कंपनीला दिलासा” असं. मी दोघांनाही पत्र पाठवलं. छापलं नाही. लिफ्टमधले ते रागावलेले आजोबा मला बघून जिना चढायला लागले. सर सुट्टीवर गेले ते परत येऊन दुसऱ्याच कामाला लागले. पेट्यांची खोली त्यांनी मला लिहून दिली, एका ओळीत, बाईंना हवं तोवर. सभागृहातून त्या दिवशी मी बाहेर पडले तेव्हा भाऊजी फाटकापाशी थांबलेले होते. ताई रिक्षाने पुढे गेली होती. ते म्हणाले, “मी शेवटपर्यंत ऐकलं. तिला सांगीन. ती ऐकेल तेव्हा.” मग थोडं थांबून, “त्या वकिलाची बोलती बंद केलीस.” आणि चालायला लागले. इतकी वाक्यं मी त्यांच्या तोंडून एका दमात कधी ऐकली नव्हती.

चार महिने ताई माझ्याशी बोलली नाही. मी दर रविवारी फोन करायचे, भाऊजी उचलायचे, “बरी आहे” म्हणायचे, ठेवायचे. मी नव्या गुंडाळ्यांवर, जोर बदलून, दिवस वाढवून, दुसऱ्या जातीच्या पेशी घेऊन काम करत राहिले. आता मला काय निघावं असं वाटतंय, हे मी स्वतःला विचारणं सोडून दिलं होतं. कशासाठी करतेस असं ग्रंथपालबाईंनी एकदा विचारलं, तर मी म्हणाले, हट्ट. त्यांना ते उत्तर आवडलं.

आणि एका गुरुवारी, सकाळी अकराच्या सुमाराला, दारात ताई उभी. बारीक झालेली, केस मागे घट्ट बांधलेले, हातात नुसता चष्मा. मी उठले. ती म्हणाली, “बस तू. मला दाखव.”

“काय दाखवू?”

“तू काय बघतेस ते. इतकी वर्षं दुसऱ्यांना सांगत फिरले, माझ्या बहिणीने मोजलंय म्हणून. एकदाही बघितलं नाही काय मोजतेस.”

मी खोलीतला दिवा मालवला, पडदा ओढला, तिला स्टुलावर बसवलं. चित्र स्पष्ट करायचं चाक कुठलं, पट्टी सरकवायची कशी, सांगितलं. ताईचे हात तीस वर्षं सुईत दोरा ओवणारे. तिला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. ती डोळे लावून चाक हळूहळू फिरवत राहिली. मला वाटलं तिला काही दिसतच नाहीये.

“किती सुंदर आहे गं,” ती म्हणाली. मग लगेच, रागाने, जणू तसं म्हणायला नको होतं, “शेपूट कुठलं ते सांग.”

मी सांगितलं. हा गोळा धड. हा तुटलेला. याला शेपूट आहे पण लहान, हे मध्यम. तिने वही ओढली आणि रेघा मारायला सुरुवात केली. चार उभ्या, एक आडवी. एका जागी ती अडली. “हे आहे की नाही?” मी वाकून पाहिलं. काठावरचं होतं, कुणीही कसंही म्हटलं असतं. मी म्हटलं, “तू ठरव.” तिने श्वास रोखून ते पाहिलं, किती वेळ ते मला सांगता येणार नाही, आणि मग ‘नाही’च्या रकान्यात रेघ मारली. पट्टी सरकवून ती पुढच्या गोळ्यावर गेली.

पन्नास झाल्यावर तिने मान वर केली. “ही कुठल्या पेटीतली? क्षेत्रातली की बाहेरची?”

“मलाही माहीत नाही. यादी ग्रंथपालबाईंच्या खणात आहे. सगळं मोजून झालं की उघडायची.”

“आणि तुला उघडून बघावंसं वाटत नाही आधीच?”

“रोज वाटतं.”

ताईने माझ्याकडे पाहिलं. खोलीत अंधार होता, पडद्याच्या फटीतून आलेली उन्हाची एक रेघ तिच्या गालावर होती. ती काय विचार करत होती मला कळलं नाही, आणि मी विचारलंही नाही. एवढंच म्हणाले, “दमली असशील तर राहू दे. उरलेले मी करते.”

“दमायला काय झालंय मला?” ती म्हणाली. “आणि ऐक, मी अजून तुझं काही मान्य केलेलं नाही.”

“नको करूस.”

“नाहीच करत.” तिने चष्मा कपाळावर सरकवला, स्टूल पुढे ओढलं आणि पुन्हा डोळे लावले. “सरक तिकडे. उजेडात येतेस माझ्या. पन्नास राहिलेत अजून.”